मनी, देवी आणि मोफत दवाखाना

'कोसला' शिकवताना मनीच्या मृत्यूपाशी वर्ग शांत होतो. एरवी पांडुरंग सांगवीकराच्या तिरकस बोलण्यावर खिदळणारी मुले त्या पानांवर येऊन मान खाली घालतात. मग शिक्षक म्हणून आम्ही जे करायचे ते करतो. अस्तित्ववाद, निरर्थकता, परात्मता असे शब्द फळ्यावर लिहितो, काम्यूचा उल्लेख करतो आणि मनीचे मरण हा नायकाच्या आत्मशोधातील निर्णायक टप्पा कसा ठरतो ते सांगतो. हे सारे खरेच आहे आणि परीक्षेतही विचारले जाते.

काही वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातील एका पाड्यावरून आलेल्या विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "सर, देवीची लस तेव्हा निघालेली नव्हती का?" आम्ही म्हटले, "निघालेली होती." ती म्हणाली, "मग?" तासाची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. मात्र तो 'मग?' आमच्या मागे लागला तो लागलाच.

लस केव्हाच निघालेली होती. जेन्नरने आपले निष्कर्ष १७९८ साली प्रसिद्ध केले. चारच वर्षांनी, १८०२च्या जून महिन्यात, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली. मुंबईहून खानदेश काही सातासमुद्रापलीकडे नव्हता, आणि एकोणिसाव्या शतकातच आगगाडी भुसावळला पोचली होती. स्वतंत्र भारताने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली हाती घेतला. 'कोसला' १९६३ची. म्हणजे लस मुंबईत उतरल्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती, आणि तरीही खानदेशातील एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरातली मुलगी कादंबरीत देवीने मरते, हे मराठी वाचकाला जराही अस्वाभाविक वाटले नाही. आजही वाटत नाही, कारण आम्ही त्या प्रसंगाकडे मरणाचे तत्त्वज्ञान म्हणून पाहतो. त्या विद्यार्थिनीने तो आरोग्यसेवेचा पंचनामा म्हणून वाचला. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी असू शकतात, असे आमचे मत आहे. पण समीक्षेत आजवर पहिलेच वाचन झाले.

राष्ट्रीय कार्यक्रमातील लस फुकटच होती. तेव्हा मोफत असणे आणि मिळणे यांत अंतर किती, हा प्रश्न आजचा नाही. तीन वर्षांत ऐंशी टक्के लोकांना देवी काढायच्या, असे त्या कार्यक्रमाचे आरंभीचे लक्ष्य होते. टोचण्यांचे आकडे वाढत गेले, पण रोग हटला नाही. जे सहज सापडत, म्हणजे शाळेतली मुले आणि बाजाराच्या गावांतील माणसे, त्यांना पुन्हा पुन्हा टोचले गेले. जे सापडत नसत ते राहिले, आणि रोगही त्यांच्याचबरोबर राहिला. पुढे धोरण बदलले. देवीने भरलेल्या बाळाच्या चेहऱ्याचे चित्र हातात धरून कर्मचारी दारोदार गेले, "असे कुणी आहे का तुमच्याकडे?" असे विचारत फिरले, रुग्ण कळवणाऱ्यास बक्षीस लावले आणि रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस दिली. १९७५च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच रोग गेल्याचे जाहीर केले. लस आधीही फुकट होती आणि नंतरही. बदलली ती विचारण्याची रीत.

भाषेच्या अभ्यासकांना यात आणखी एक गंमत दिसेल. मराठीत 'देवी येणे' म्हणजे रोग होणे आणि 'देवी काढणे' म्हणजे लस टोचणे. टोचायला येणारा तो 'देवी डॉक्टर'. रोगाला आणि त्याच्या उपायाला भाषेने एकाच शब्दाच्या घरात नांदवले. अडाणीपणा म्हणून आपण ज्याची हेटाळणी करतो तो समाज नवा उपाय स्वीकारताना त्याला आपल्या जुन्या शब्दात बसवून घेत होता. सरकारी कागदाला हे जमले नाही. त्याने 'लसीकरण' हा शब्द घडवला. शब्द निर्दोष आहे, पण तो वरून आला आहे.

आता सध्याच्या स्थितीकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सर्व ठिकाणची तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. केसपेपरचे चार पैसेही गेले. गरोदर स्त्रिया आणि नवजात बालके यांच्यासाठी प्रसूती, औषधे, आहार आणि वाहन २०११ पासूनच मोफत होते. आता बाकीचेही झाले. आमच्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींत यावर पहिली प्रतिक्रिया उमटली ती अशी : "फुकट दिले की किंमत राहत नाही." हे वाक्य आम्ही प्राध्यापकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर शोकसभेतही ऐकले आहे. बोलणाऱ्याची मुले अनुदानित शाळेत जवळजवळ फुकटच शिकलेली असतात, पण ती गोष्ट निराळी.

या मताला उत्तर आहे, आणि ते आफ्रिकेतल्या खेड्यांतून आले आहे. युगांडाने २००१ साली सरकारी दवाखान्यांतील शुल्क काढून टाकले, झांबियाने २००६ साली आपल्या ग्रामीण भागात तेच केले. दोन्हीकडे दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि युगांडात ती मुख्यतः गरिबांची वाढली. ती माणसे आधीही आजारीच होती. शुल्क त्यांना दाराबाहेर थांबवत होते. नाममात्र शुल्काला 'नाममात्र' म्हणणारा माणूस ते भरू शकणारा असतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले. मात्र दुसरीही गोष्ट त्याच देशांत दिसली. गर्दी वाढली की औषधांची फडताळे लवकर रिकामी होतात, परिचारिका थकतात आणि मग रुग्णाला बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळते. पाटीवर लिहिलेले मोफत चिठ्ठीवर संपते. आपल्याकडे हे घडणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

शब्दांचा विचार करायची आम्हाला सवय आहे म्हणून सांगतो. या एका गोष्टीसाठी मराठीने आलटून पालटून निरनिराळे शब्द वापरले. 'धर्मार्थ दवाखाना' म्हटले की देणाऱ्याचे पुण्य दिसते. 'फुकट' म्हटले की घेणाऱ्याची लाचारी दिसते. 'मोफत' त्या मानाने सोज्वळ, पण त्यालाही जाहिरातीचा वास आहे. सरकारचा आवडता शब्द 'लाभार्थी'. त्यात माणूस हात पसरून उभा आहे. 'हक्क' हा शब्द मोर्च्यांत आहे, पण आरोग्य केंद्राच्या पाटीवर क्वचितच. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्या भोर समितीने १९४६ सालीच म्हणून ठेवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. त्या वाक्यात पुण्यही नाही आणि लाचारीही नाही. असे कोरडे गद्य आम्हाला अलीकडे फार आवडू लागले आहे.

यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर हे तालुके नकाशात पाहावेत. दक्षिणेला तापीकाठची केळी नि कापूस, उत्तरेला सातपुडा. (सांगवी नावाचे गाव यावल तालुक्यातही आहे नि शिरपुरातही, दोन्हींच्या पाठीशी तोच डोंगर.) सपाटीवर तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी वा आदिवासी भागात वीस हजारांना एक, उपकेंद्र पाच हजारांना, डोंगरात तीन हजारांना. सरकारी मोजमापाने ही डोंगराला दिलेली सवलत आहे. पण तीन हजार माणसे सपाटीवर एका गावात राहतात, तर सातपुड्यात ती एकेका टेकडीवर दहा-पंधरा घरे अशी विखुरलेली असतात. उपकेंद्र एकाच टेकडीवर असते. उरलेल्या पाड्यांवरून तिथे जायचे तर अर्धा दिवस जातो आणि मजुरी बुडते. पुढे आरोग्य केंद्र गाठायचे तर जीपवाला मोफत नसतो. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत वा पश्चिम महाराष्ट्रात निघून जातात. बाळाचे लसीचे कार्ड घरी आडव्याला खोचलेले राहते आणि बाळ उसाच्या फडात. १९६२ साली राहिलेला तो पाचवा हिस्सा हाच. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारच्या डोंगराबद्दल तर वेगळे सांगायला नको.

आमच्यासारख्यांचा या सगळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. रस्ते आणि औषधे हा शासनाचा प्रश्न. परंतु दवाखान्याविषयी मराठी समाजाने जी कल्पना मनाशी बाळगली आहे ती घडवण्यात साहित्याचा मोठा हात आहे, आणि ती जबाबदारी आपल्याला झटकता येणार नाही.

मराठी वाचकाला गावचा दवाखाना भेटतो तो डॉक्टरच्या आत्मकथनात नाहीतर डॉक्टरवरच्या लेखात. हेमलकशाची गोष्ट घरोघरी पोचली. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात गेले, तेथे जे उभे राहिले त्यापुढे नम्र होण्यावाचून गत्यंतर नाही. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी एक-दोन रुपयांत रुग्ण तपासले. या माणसांच्या कामाविषयी आम्हाला बोलायचे नाही; तेवढी आमची पात्रताही नाही. बोलायचे आहे ते या गोष्टी आपण कशा सांगतो आणि कशा वाचतो याविषयी. शहर सुटते, जंगल लागते, पहिला रुग्ण बरा होतो, विश्वास बसतो, सन्मान होतो. कथनाची खुर्ची डॉक्टरची. समोरच्या बाकावर बसलेली बाई एक तर भेदरलेली असते, नाहीतर कृतज्ञ. तिसरा भाव तिला क्वचितच मिळतो. ती कंटाळलेली, चिडलेली, शंका घेणारी किंवा डॉक्टरपेक्षा काही जास्त जाणणारी अशी आमच्या वाचनात फारशी आलेली नाही.

चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात कॉनरॅडवर दिलेले व्याख्यान एम.ए.च्या मुलांना आम्ही आवर्जून वाचायला लावतो. त्यात जाता जाता ते लांबारेनेच्या अल्बर्ट श्वाइट्झरकडे वळतात. सारे आयुष्य आफ्रिकेतल्या दवाखान्यासाठी वेचणारा हा थोर माणूस आफ्रिकी माणसाला भाऊ मानी, पण धाकटा. अचेबे यांची तक्रार एवढीच आणि एवढी मोठी. धाकट्या भावासाठी जो दवाखाना बांधला जातो तो धाकट्याच्याच मापाचा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. वर्गात हे सांगताना आम्ही फार आवेशात असतो. नंतर घरी येऊन आदिवासी रुग्णांवरचा एखादा मराठी लेख डोळे पुसत वाचतो आणि आपण नुकतेच काय शिकवून आलो ते आठवत नाही.

गमतीचा भाग असा की डॉक्टर मंडळींतल्या काहींनी ही खुर्ची केव्हाच सोडली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचे काम शिकवले. आल्मा-आटाची परिषद, जिथे 'प्राथमिक आरोग्य सेवा' हा शब्द जगाने उचलला, ती त्यानंतरची, १९७८ची. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी लोकांना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना राहायला जागा नाही, आमचा देव तिथे नाही, असे लोकांनी सांगितले. त्यातून झोपड्यांसारख्या खोल्यांचा माँ दंतेश्वरी दवाखाना झाला. त्यांनी दोन गावांतल्या बायकांना तपासले तेव्हा बाण्णव टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या शेकडा आठसुद्धा नव्हत्या; हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. राणीताईंनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'कानोसा'. समीक्षेच्या पारिभाषिक कोशात घालावा असा हा शब्द आहे. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळ तपासायचे, ही गडचिरोलीची पद्धत २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामात आली.

आशा! मराठी साहित्यात तिचा पत्ता नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून हजार वस्तीमागे एक, गावातलीच, ही बाई वहीत गरोदर बायका लिहिते, बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, बाळाचे वजन करते आणि क्षयरोग्याला गोळ्या खायला लावते. करोनात दारावर कागद चिकटवण्याबद्दल तिने शिव्याही खाल्ल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. मोफत आरोग्यसेवा रुग्णाला मोफत होते, कारण तिची किंमत दुसरे कोणीतरी मोजते. बऱ्याचदा ते दुसरे कोणी म्हणजे हीच बाई. तिच्या दिवसात सगळे काही आहे : वर्ग, जात, लिंगभाव, सासू, सरपंच, पाऊस. ग्रामीण कादंबरीने मात्र तिला अजून पाहिलेले नाही. तिथे अजून कीर्तनकार आणि पाटीलच आहेत.

आता भाषेचा मुद्दा, जो खास आपल्या अखत्यारीतला. खानदेशात रुग्ण प्रमाण मराठीत आजारी पडत नाही. तो अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत, भिलोरीत, तडवीत आजारी पडतो. "डोकं दुखी ऱ्हायनं" हे लातूरहून वा साताऱ्याहून आलेल्या तरुण डॉक्टरला निदान अंदाजाने कळते. डोंगरात तेवढेही नाही. तिथे मध्ये दुभाषा लागतो, तो बहुधा नवरा असतो, आणि बाईचे दुखणे नवऱ्याच्या तोंडून येता येता बरेच सभ्य होते. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. आईबाप दोघांकडून आलेल्या या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात आणि सांध्यांतून असह्य कळा येतात. साध्या रक्ततपासणीने तो कळू शकतो. २०२३ साली त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. पण तपासणी करायची हे सुचण्यासाठी आधी ती कळ कशी आहे ते ऐकावे लागते. थांबून थांबून येणारी, थंडीत वाढणारी, आज गुडघ्यात तर उद्या पाठीत. हे वर्णन दोन वाक्यांत "अंग दुखते" असे आटोपले, की हातात वेदनाशामक गोळ्यांची पुडी पडते. गोळ्या मोफत असतात.

बहिणाबाई आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेव आणि घरातल्यांनी शेजारी बसून उतरवून घेतले म्हणून १९५२ साली ती गाणी छापून आली आणि आज विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. शेजारी बसून उतरवून घेणे ही या भूमीतली साहित्यपरंपरा असेल, तर ती गाण्यांशीच का थांबावी? आमच्या मराठी विभागांतून दरवर्षी लोकगीते गोळा करणारे प्रकल्प निघतात. ओव्या, म्हणी, उखाणे यांनी कपाटे भरली आहेत. दुखण्याचे शब्द मात्र कुणी गोळा केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून मागल्या वर्षी आम्ही दोघा-तिघांनी तो खटाटोप केला. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना सुटीत घरी धाडले आणि सांगितले, आजीला विचारा, चक्कर, मुंग्या, कळ, धडधड, अंगावरून जाणे, बाळाचे न पिणे, यांना काय काय म्हणतात. मुलींनी आणलेले शब्द मुलांच्या तिपटीहून अधिक निघाले. अहिराणीचे झाले, गणबोलीचे झाले, पावरीचे त्या चोपड्याकडच्या विद्यार्थिनीने, जी आता शिक्षिका आहे, दोन आत्यांना बसवून लिहिले. यादी टंकून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे नेली. मनात थोडा अभिमान होता हे कबूल करतो. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतले आणि खाली मान घालून एकेका शब्दावर काट मारायला सुरुवात केली. आम्ही विचारले, "चुकलेत का?"

"चुकले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हे शब्द बाया आपसात बोलतात. माझ्यासमोर नाही बोलत. आणि डॉक्टरसाहेबांसमोर तर ओठही उघडत नाहीत." मग यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी स्वतःच लिहायला घेतले : बाई गप्प बसली म्हणजे काय, पदर तोंडात धरला म्हणजे काय, "काही नाही, उगाच आले" म्हणाली म्हणजे काय. पान भरले तेव्हा बाहेर बाकावर सात-आठ जणी बसलेल्या होत्या, आणि त्यांतली एक आमच्याकडे पाहून कंटाळून जांभई देत होती.